अळिवाचा हिशेब

जुन्या मोंढ्यातल्या किराणा दुकानात साखरेचा भाव फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, तूरडाळीचा असतो, शेंगदाण्याचाही असतो. अळिवाचा कधी नसतो. अळीव मागच्या फळीवर, ओवा आणि बाळंतशेपा यांच्या शेजारी, एखाद्या जुन्या पत्र्याच्या डब्यात मुकाट पडलेला असतो. मागितल्याशिवाय दुकानदार तो डबा खाली काढत नाही. दिवाळी सरली, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की मागणारे येतात. मागणारे म्हणजे बहुतेक बायकाच, त्याही पन्नाशीच्या पुढच्या. शंभर ग्रॅम, फार तर पाव किलो. आमचा नेहमीचा दुकानदार कागदाची पुडी बांधता बांधता एकच प्रश्न विचारतो, "लेकीला का सुनेला?"

तो गमतीने विचारतो. पण या प्रश्नात पुष्कळ काही आहे, त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण मराठीत अळीव म्हणतो, कुणी हळीव, कुणी अहाळीव. हिंदीत तो हालिम आणि चंसूर, गुजरातीत असाळियो, संस्कृतात चंद्रशूर. आमच्या गावात या हालिमने दर वर्षी एखाद्या नव्या माणसाची फसगत होते. गाव म्हणजे औरंगाबाद. २०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर, पण माझ्या पिढीच्या तोंडात अजून जुनंच नाव पटकन येतं. रमजानच्या महिन्यात सिटी चौकापासून शहागंजापर्यंत हलीमच्या हंड्या चढतात. ते हलीम गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास घोटून केलेलं. त्याचा आणि या बियांचा काडीचा संबंध नाही. परगावाहून बदलून आलेल्या एका तरुण सहकाऱ्याला डॉक्टरांनी "हालिम खा" असं सांगितलं होतं. तो बिचारा महिनाभर संध्याकाळी न चुकता हंडीवर हजेरी लावत होता. वजन वाढलं, एवढं मात्र खरं.

अळीव खाल्लेली माणसं घराघरांत सापडतील. अळिवाचं झाड पाहिलेली फार थोडी. मीही पाहिलं नव्हतं. १९८९ साली कन्नड तालुक्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होते. रब्बीच्या पीककर्जाची पाहणी करायला आम्ही खेड्यांतून फिरत असू. एका शेतात शाळू होता, हरभरा होता, आणि विहिरीच्या पाटाकडेला चार-पाच सऱ्या वेगळ्याच कशाच्या तरी होत्या. गुडघ्याएवढी, नाजूक, निळसर हिरवी झाडं. टोकाला मोहरीच्या मण्यांहूनही लहान पांढरी फुलं. मी विचारलं तर शेतकऱ्याची बायको हसायला लागली. म्हणाली, "बाई, ह्ये पीक न्हाई. ह्ये माह्या लेकीच्या बाळंतपणाचं हाये. चैतात तिचे दिस भरत्यात."

पीककर्जाचा एक तक्ता असतो. कुठल्या पिकाला एकरी किती पैसे द्यायचे ते जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते, आणि बँक त्या तक्त्यावर बोट ठेवून कर्ज देते. कापूस, ज्वारी, बाजरी, ऊस, सगळी होती त्यात. अळीव नव्हता. त्या बाईंना तो तक्त्यात असण्या-नसण्याशी काही देणंघेणंही नव्हतं. मागच्या वर्षीचं मूठभर बी मडक्यात राखेत ठेवलेलं, ते कार्तिकात टाकलं, शाळूच्या पाण्याबरोबर पाणी मिळालं, झालं. त्यांनी एक पान चुरगळून माझ्या हातावर ठेवलं. मी खाल्लं. आधी काही नाही, मग एकदम मुळ्याचा झणका, आणि पाठोपाठ नाकात मोहरी फेसल्यासारखं काहीतरी. मला वाटलं होतं बाळंतिणीला चारतात ते झाड गोड, सौम्य, सोशिक असेल.

चव आली ती कुळावरून. अळीव मोहरीच्या कुळातला. मोहरी, मुळा, कोबी, नवलकोल ही सगळी त्याची चुलत भावंडं. या कुळाची खूण अगदी सोपी आहे. फूल कितीही बारीक असो, पाकळ्या चार आणि त्या फुलीच्या चिन्हासारख्या समोरासमोर. अळिवाची शेंग मात्र मोहरीसारखी लांब नसते. चपटी, गोलसर, मिरीच्या दाण्याहून जेमतेम मोठी आणि टोकाला खाच असलेली. आत दोन कप्पे, प्रत्येकात एकच बी. तांबूस विटकरी रंगाचं, लांबट. एका ग्रॅममध्ये चारशे-पाचशे दाणे सहज भरतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव लेपिडियम सटायव्हम. लेपिडियम म्हणजे ग्रीक भाषेत छोटा खवला. शेंगेचा आकार पाहिला की नाव पटतं.

बी ओल्या मातीवर पडलं की दोन दिवसांत, कधी दीड दिवसातच फुटतं. इतकी घाई भाज्यांत क्वचितच कुणाला असते. पहिली दोन पानं, ज्यांना आपण शाळेत दलपत्रं म्हणून शिकलो, ती प्रत्येकी तीन बोटांत चिरलेली असतात. मोहरीची तशी नसतात, मुळ्याची नसतात. रोप ओळखायचं असेल तर ती तीन बोटं बघावीत. पुढची पानं खाली कातरलेली आणि वर जाताना अरुंद, साधी होत जातात. थंडी त्याला मानवते. ऊन तापलं की पानांचा नाद सोडून झाड घाईघाईने फुलावर येतं. बी धरायचं तर तीन-साडेतीन महिने लागतात. शेंगा वाळल्या की धक्क्याने उकलतात, म्हणून काढणी भल्या पहाटे, दव असताना. आपल्या देशात हे पीक मुख्यतः राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाचं. आपल्या दुकानात येणारा माल बहुतांशी तिकडचा. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारात त्याची पोती लागतात.

मूळचा तो कुठला, यावर मोठमोठ्या माणसांनी विचार केला आहे. एकोणिसाव्या शतकात स्विस वनस्पतिज्ञ द कांदोल यांनी इराणकडे बोट दाखवलं. विसाव्या शतकात रशियाचे वाविलोव्ह जगभर बियाणं गोळा करत फिरले, आणि त्यांना अळिवाचे सर्वांत जास्त प्रकार इथिओपियात दिसले. तिथे आजही त्याला 'फेटो' म्हणतात. टेफ नावाचं तिथलं बारीक धान्य असतं, त्याच्या शेतात तो तण म्हणूनही उगवतो. इथिओपिया म्हणजे जुन्या बखरींतला हबसाण. आणि आमच्या गावाचा पाया घालणारा मलिक अंबर हबशी. तिथून गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये खडकी वसवली, गावाला नहरीने पाणी दिलं. त्याच खडकीचं पुढे औरंगाबाद झालं. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला इथे मोह होतो, की त्या मुलाच्या आईने त्याच्या कमरेला फेटोची पुरचुंडी बांधली होती असं लिहून टाकावं. पण अळीव अंबरच्या कितीतरी आधीपासून या देशात होता. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त चंद्रशूर आहे. मेथी, ओवा, कलौंजी यांच्या जोडीने तो 'चतुर्बीजा'त बसलेला आहे. उचकीवर, वातकफावर, अतिसारावर आणि शक्ती भरून येण्यासाठी तिथे तो सांगितला आहे. तेव्हा पुरचुंडीचा मोह आवरलेला बरा.

इराण्यांचं अळिवाचं वेड मात्र नोंदलेलं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफोनने लिहिलं, की पर्शियन मुलं शिक्षणाला जाताना घरून भाकरी नेत आणि तोंडी लावायला हा पाला. आपल्या शेतकऱ्याची भाकरी-कांद्याची शिदोरी आठवते. रोमन लोकांनी या जातीच्या तिखट पाल्यांना नाक मुरडायला लावणारा अशा अर्थाचं नाव दिलं. अरबस्तानात बी 'हब्बुर्रशाद' म्हणून प्रसिद्ध आहे. हाड मोडलं की तिथल्या घरांत ते दुधातून देतात. युरोपने मात्र बी बाजूला ठेवलं आणि पानं उचलली. इंग्लंडात उकडलेलं अंडं आणि हा पाला घातलेलं सँडविच म्हणजे आपल्याकडची शेव-चिवड्याइतकी साधी गोष्ट. माझी भाची तिकडे असते. तिचा मुलगा पहिलीत असताना शाळेतून कापसावर उगवलेली हिरवी रोपं घेऊन आला. फोनवर ती म्हणाली, "मावशी, यांच्या शाळेत मुलांना बी पेरायला देतात, त्याला क्रेस म्हणतात. वास घेतला तर आजीच्या लाडवांचा!" वास नव्हे, बी तेच होतं. आजीने सुटकेसमधून पाठवलेल्या पुडीतलं आणि शाळेतलं, दोन्ही बिया तिने शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा तिची खात्री पटली.

आता त्या चिकट खिरीकडे येऊ, जिच्याकडे बघून निम्मी मुलं नाक मुरडतात. अळीव पाण्यात टाकला की पाच-दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक गराचं कवच तयार होतं. सब्जाचंही असंच होतं, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात. सब्जा काळा आणि उन्हाळ्याचा, अळीव तांबडा आणि थंडीचा. हा गर स्वयंपाकघरासाठी निर्माण झालेला नाही. कोरड्या मुलखातल्या झाडाची ती युक्ती आहे. पहिला पाऊस पडला की बी गराने जमिनीला चिकटतं, वाऱ्यापाण्याने वाहून जात नाही, मुंग्यांना ओढून नेणं अवघड होतं, आणि आजूबाजूची ओल त्या गरात धरून ठेवली जाते. अंकुर फुटायला जेवढं पाणी लागतं तेवढं बी स्वतःभोवती बाळगून बसतं. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला या शहाणपणाचं मोल सांगायला नको.

तिखटपणाचीही अशीच गोष्ट. कोरडा दाणा नुसता जिभेवर ठेवला तर तिखट लागत नाही. चावला, ठेचला की लागतो. कारण झणका देणारं द्रव्य बियांत तयार नसतंच. त्याचा कच्चा माल एका कप्प्यात आणि त्यावर काम करणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. दात लागला, भिंत फुटली, दोन्ही भेटली, की झणका. किड्यांना हाकलण्यासाठी झाडाने केलेली ही व्यवस्था आहे. लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक ग्राहकाकडे, एक बँकेकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही, तसंच हे. खीर किंवा लाडू करताना आपण अळीव शिजवतो तेव्हा ते विकर उष्णतेने निकामी होतं आणि झणका मावळतो. म्हणून कन्नडच्या शेतात जिभेला बसलेला चटका लाडवात सापडत नाही.

याच कुळात एक रानटी चिल्लं आहे, टीचभर उंचीचं, अरॅबिडॉप्सिस थॅलियाना. खायला नाही, विकायला नाही, दिसायलाही काही नाही. पण लवकर वाढतं, जागा कमी घेतं आणि त्याची जनुकांची पोथी आटोपशीर आहे, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला हाताशी धरलं. २००० साली एखाद्या वनस्पतीची संपूर्ण जनुकीय मांडणी पहिल्यांदा उलगडली गेली ती याची. गहू, भात, ऊस सगळे मागे राहिले. २०२२ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अपोलो मोहिमांतून आणलेल्या चंद्रावरच्या मातीत याचंच बी पेरून रोपं उगवून दाखवली. रोपं खुरटली, काहींची पानं लालसर पडली, पण उगवली. आणि अळिवाचा उपयोग युरोपातले लोक खत तपासायला करतात. कंपोस्ट नीट कुजलंय की अजून कच्चं आहे, हे पाहायचं असेल तर त्याच्या पाण्यात अळिवाचं बी भिजत घालायचं. मुळं लांब सुटली तर खत पक्कं. महागडं यंत्र नको, तीन दिवस थांबायची तयारी हवी. गच्चीवर पालापाचोळा कुजवणाऱ्या आमच्या कॉलनीतल्या मंडळींना मी हे सांगितलं आहे.

बाळंतपणाचे लाडू हा खरा विषय. कोकणात आणि पुण्याकडे अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात, ओल्या खोबऱ्यात आणि गुळात शिजवतात, जायफळ लावतात आणि लाडू वळतात. आमच्या मराठवाड्यात ओला नारळ देवापुढे फोडण्यापुरता. इथे बाळंतिणीचा खरा आधार डिंक, खारीक, सुकं खोबरं, गोडंबी, मेथी. अळीव दुधातल्या खिरीत, किंवा तुपावर भाजून डिंकाच्या लाडवात मूठभर. पण घर कुठलंही असो, डबा येतो तो माहेराहून. हे लाडू आईने करायचे, हा अलिखित नियम आहे. सासरी केले तर चालतात, पण त्यांची कुणी वाट बघत नाही.

माझं पहिलं बाळंतपण १९८६ सालचं. तेव्हाची रजा बारा आठवड्यांची होती, १९६१ च्या कायद्यात तेवढीच दिलेली. ती २०१७ पासून सव्वीस आठवडे झाली. मी बाराव्या आठवड्यानंतर काउंटरवर येऊन बसले तेव्हा आईने दिलेल्या डब्यात तीन लाडू उरले होते. एक ड्रॉवरमध्ये ठेवला होता, तो अकरा वाजता खायचा. शाखेतली शिपाईबाई माझ्याकडे बघत असे. तिचं बाळंतपण माझ्या आधी दोन महिने झालं होतं. एकदा मी अर्धा लाडू तिला दिला तर म्हणाली, "मला कोण करणार मॅडम? आई न्हाई. सासू म्हणती, आमी खाल्लं होतं का?"

हे वाक्य मी त्यानंतर अनेक तोंडांतून ऐकलं. "आम्ही खाल्लं होतं का?" म्हणून दुकानदाराचा तो गमतीचा प्रश्न मला गमतीचा वाटत नाही. लेकीसाठी पाव किलो नेणारी बाई सुनेसाठी शंभर ग्रॅमवर येते, हे त्याने फळीमागे उभं राहून चाळीस वर्षं पाहिलं आहे. त्याने सांगितलं नाही, मी पुडीच्या आकारावरून ओळखलं. आणि ज्यांच्याकडे पुडीच येत नाही अशा बायका तर आमच्या भागात हजारोंनी. बीड, जालना, इथलं पैठण, गंगापूर, या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, म्हणजे नेमक्या अळिवाच्या मोसमात. फडातल्या कोपीत बाळंत झालेली बाई थोड्याच दिवसांत पुन्हा मोळ्या बांधताना दिसते. कोयता जोडीचा असतो. एक हात कमी झाला तर उचल फिटत नाही. तिचा सव्वा महिना कुठला आणि लाडू कुठले!

त्यामुळे अळिवात खरोखर काय आहे, हा प्रश्न मला नुसता कुतूहलाचा वाटला नाही. बँकेतल्या सवयीने मी आकडे काढले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं जुनं पुस्तक, ज्यावर दोन पिढ्यांचे आहारतज्ज्ञ वाढले, त्यात शंभर ग्रॅम अळिवात शंभर मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. हाच आकडा सगळीकडे फिरतो. लेखांत, पाकिटांवर, मोबाईलवरच्या निरोपांत. त्याच संस्थेने २०१७ साली नवे तक्ते काढले, नव्या उपकरणांनी मोजून. त्यात तो आकडा सतराच्या घरात आला आहे. दोन खातेपुस्तकांत एवढी तफावत दिसली असती तर आम्ही रात्री शाखा बंद केली नसती. इथे मात्र जुनी नोंद सर्रास चालू आहे आणि नवी कुणी उघडूनही बघत नाही.

आता लाडवाचा हिशेब. पाव वाटी म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम अळिवाचे साधारण पंधरा लाडू होतात. एका लाडवात तीन ग्रॅमच्या वर थोडं बी. जुन्या आकड्याने एका लाडवात तीन-सव्वातीन मिलिग्रॅम लोह, नव्या आकड्याने अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला लोह लागतं तेवीस मिलिग्रॅम. २०२० च्या भारतीय शिफारशीत तेवढं दिलं आहे. म्हणजे केवळ अळिवावर भागवायचं तर जुन्या हिशेबाने सात लाडू आणि नव्याने चाळीस! गुळातून थोडं येतं, ते धरलं तरी फार फरक पडत नाही. शिवाय बियांतलं लोह शरीरात सगळं मुरत नाही. सोबत लिंबू, आवळा, पेरू असं काही आंबट असलं तर अधिक मुरतं आणि वर लगेच चहा घेतला तर कमी. आमच्याकडे बाळंतिणीला लाडवाबरोबर हमखास काय देतात? चहा. आंबट मात्र तिला वर्ज्य.

म्हणून अळीव टाकून द्यायचा का? मी देणार नाही. त्यात चतुर्थांशाच्या आसपास प्रथिनं आहेत, कॅल्शियम बरं आहे, आणि त्याच्या तेलात जवसातलं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवळजवळ एक-तृतीयांश असतं. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या तेलावर काम केलेलं आहे. गराने पोट साफ राहतं, आणि बाळंतिणीला त्या दिवसांत याहून मोठं सुख कोणतं, हे बाळंतपण झालेल्यांनाच विचारावं. दूध वाढतं हा तर घराघरातला अनुभव सांगतात. पण रक्त वाढवायचं काम एकट्या लाडवावर सोपवलं की गोळ्या उशाशी पडून राहतात. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची लाल गोळी साठ मिलिग्रॅम लोहाची असते. गरोदरपणात एकशे ऐंशी दिवस आणि बाळंतपणानंतर एकशे ऐंशी दिवस ती घ्यायची आहे. "गोळ्यांनी उष्णता होते, त्यापेक्षा लाडू खा" असं सांगणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांमागे चौपन्न बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. देशाचा आकडा सत्तावन्न. एवढ्या बायकांपुढे लाडू की गोळी असा वाद घालायला आपल्याला वेळ नाही. दोन्ही द्यावं, आणि गोळी आधी.

आणखी एक गोष्ट आज्या बरोबर सांगत, ती मात्र लोक विसरले. पोटुशीला अळीव द्यायचा नाही; बाळंतपण झाल्यावर द्यायचा. वैद्यही गरोदरपणात तो टाळायलाच सांगतात. आता पाकिटावर 'हालिम सीड्स' छापून, वर तजेलदार मुलीचं चित्र लावून, वजन घटवा, केस वाढवा, वाटेल तेव्हा खा असं सांगून तोच अळीव विकला जातो. मोंढ्यातल्या डब्यातला आणि मॉलच्या काचेमागचा, भावात तीन-चार पटींचा फरक मी स्वतः पाहिला. बी तेच. मोहरी कुळातल्या या द्रव्यांचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा ज्यांना तो त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. बाकीच्यांनी दिवसाला एक चमचा, तोही भिजवून आणि पाण्याबरोबर. कोरडा गिळू नये; घशात फुगला तर भलताच प्रसंग.

पाल्याची गंमत मात्र आपण उगीच सोडली आहे. पसरट ताटलीत ओला कापूस किंवा दोन बोटं माती घ्यावी. बी दाट पसरावं, पुरू नये. वरून नुसता हाताने शिंतोडा. धार सोडली तर गरासकट दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. दुसऱ्या दिवशी पांढरे अंकुर, चौथ्या दिवशी ती तीन बोटांची पानं, आठव्या-दहाव्या दिवशी कात्रीने कापण्याएवढा हिरवा गालिचा. नातवंडं घरात असतील तर हे काम त्यांच्यावर सोपवावं. वाट बघायला न लावणारी याच्याएवढी दुसरी शेती नाही. कापलेला पाला कोशिंबिरीत घालावा, किंवा शेंगदाणे, लसूण, मीठ आणि वर लिंबू पिळून चटणी करावी, ज्वारीच्या भाकरीबरोबर. हिरवी मिरची घालायची गरज पडत नाही. कापलेलं रोप पुन्हा फारसं फुटत नाही, म्हणून दर आठवड्याला नवी ताटली लावावी लागते. आमच्याकडे फाल्गुन संपेपर्यंत हे चालतं. मग ऊन चढतं, रोपं दोनच दिवसांत माना टाकतात, आणि डबा पुन्हा मागच्या फळीवर जातो, कार्तिकापर्यंत.